भ्रमणध्वनीद्वारा अध्ययन : एका कसोटीची मर्यादा

विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे भ्रमणध्वनीद्वारा होणारे अध्ययन कशाने यशस्वी होते, याचा विचार करताना अभ्यासक बहुधा फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ सालच्या तंत्रस्वीकाराच्या उपपत्तीचा आधार घेतात. साधन उपयुक्त व हाताळण्यास सुलभ वाटले की त्याचा स्वीकार होतो, हे तिचे सार होय. उपपत्ती सुटसुटीत आहे, यात शंका नाही. तथापि ती कार्यालयीन संगणकाच्या संदर्भात जन्मली, हे विसरून चालणार नाही. तेथे साधनाच्या वापराने काम साधते. अध्ययनात मात्र साधन स्वीकारले म्हणजे विषय आत्मसात झाला, असे होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या प्रवेशद्वाराशी वसलेले गाव २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. सकाळी व दुपारी पर्यटकांबरोबर वाटाड्या म्हणून जंगलात जाणारा, आणि उरल्या वेळात पदवीचा अभ्यास करणारा तेथील एखादा विद्यार्थी कल्पावा. भ्रमणध्वनी त्याला उपयुक्त वाटेल आणि सुलभही; म्हणजे डेव्हिस यांच्या दोन्ही कसोट्या पुऱ्या होतील. परंतु तासाभराचे अखंड व्याख्यान त्याच्या दोन फेऱ्यांमधील सवडीत मावणार नाही. त्याचेच लहान, स्वयंपूर्ण भाग करून ते आधी उतरवून घेण्याची सोय असेल, तर मावेल. यशाचे हे कारण विद्यार्थ्याच्या मनोवृत्तीत नसून पाठाच्या रचनेत आहे.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे होय. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय योजनेत व्याख्याने, वाचनसामग्री, स्वयंमूल्यमापन व चर्चा अशी चार अंगे आहेत. पहिली तीन एकदा सिद्ध झाली की शिक्षकावाचूनही चालतात. चौथे त्याच्यावाचून निर्जीव राहते. दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांचे नसून संवादाचे असते, हा मायकेल मूर यांचा सिद्धान्त येथे अधिक उपकारक ठरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारा पूर्ण करण्यास मुभा दिली. त्यामुळे हा वाद केवळ तात्त्विक राहिलेला नाही. साधन आवडले काय, एवढेच विद्यार्थ्याला विचारून थांबणारे संशोधन दोषाचे माप नकळत त्याच्याच पदरात घालते. त्याने विचारलेल्या शंकेला उत्तर कधी मिळाले, आणि कोणी दिले, हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे.