चौकाबाहेरची पालघट

वाणगावच्या आसपासच्या वारली पाड्यांत लग्नाचा चौक काढीत नाहीत, 'लिहितात'. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो सवासिनी लिहितात. धवलेरी गाणी म्हणते आणि चौकात पालघट देवी बसल्याखेरीज लग्न लागत नाही.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी १९७० च्या दशकात हे लेखन विधीबाहेर, कागद-कापडावर आणले. पुरुषाने, एकट्याने, मुहूर्ताविना! २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण श्रद्धेचे काय झाले? वेदीवरील मूर्ती संग्रहालयात गेली की तिच्यापुढची मेणबत्ती विझते, हे आपण जाणतोच.

तरीही म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्यापुढे आम्ही थबकतो. असंख्य बारीक रेघांचे ते जाळे जणू श्वास घेते. तारपकऱ्याभोवती फिरणाऱ्या नाचकऱ्यांचा फेर मिटत नाही; कुणी एकटा उठून दिसत नाही. कपबशांवर, साड्यांवर छापलेल्या वारली आकृत्यांत हे सापडत नाही. तिथे माणसे मोजून बसवलेली असतात. म्हसे यांच्या चित्रांत पालघट नसली, तरी तिच्यासाठी राखलेली जागा जाणवते.