प्रभूच्या ताटातला कुय

मराठीत ‘गिनीपिग’ म्हटले की प्रयोगशाळा आठवते. पेरूच्या अँडीज पर्वतराजीत याच प्राण्याला ‘कुय’ म्हणतात आणि चुलीशेजारी पाळून सणावाराला खातात. कुस्को शहराच्या कॅथीड्रलमधले मार्कोस झापाताचे ‘अखेरचे भोजन’ हे १७५३च्या सुमाराचे चित्र या प्राण्यामुळेच गाजले. येशू आणि शिष्यांच्या मधोमध, ताटात तो उताणा पडला आहे, पाय वर करून.

या चित्राचे दोन अर्थ सर्रास सांगितले जातात. जित चित्रकाराने जेत्यांच्या देवाच्या पंगतीत आपले अन्न गुपचूप सरकवले, हा एक. स्थानिकांना नवा धर्म रुचावा म्हणून पाद्र्यांनीच ती मुभा दिली, हा दुसरा. मला दोन्ही अपुरे वाटतात, कारण दोन्हींत कुय म्हणजे नुसते ‘गावरान खाणे’ असे धरले आहे.

कुय हा रोजचा घास नाही. तो स्वयंपाकघरातच पाला आणि सालपटे खाऊन वाढतो, भराभर पिल्ले घालतो. तरी सुरी फिरते ती पाहुणा, लग्न किंवा सण असला तर. अरेकिपा भागात त्याला दगडाखाली दाबून तळतात. कुस्कोत पोटात ‘वाकाताय’ नावाचा वासाचा पाला भरून भट्टीत भाजतात आणि डोक्यासकट वाढतात. शिवाय तो नैवेद्याचा जीव. मूर्तिपूजा उखडून काढण्याविषयी पाब्लो होसे दे अर्रियागा या जेझुइटाने १६२१ साली पुस्तक लिहिले. स्थानिक देवतांना काय काय वाहतात हे सांगताना त्याने कोका आणि मक्याची दारू यांच्याबरोबर कुयही नोंदवला आहे. धर्मखात्याने ज्याच्यावर नजर ठेवली, तोच सव्वाशे-दीडशे वर्षांत कॅथीड्रलच्या भिंतीवर येतो, तेही वल्हांडणाच्या कोकराच्या जागी! बळीच्या जागी बळीच ठेवला आहे. याला जिभेची सवलत कसे म्हणावे?

काही अभ्यासक ताटातला प्राणी व्हिस्काचा, म्हणजे डोंगरातली रानटी शिकार, असल्याचे मानतात. तसे असेल तर माझा मुद्दा लंगडा पडेल. (यहुदाचा चेहरा पिझारोचा आहे, ही गोष्ट मात्र वाटाड्यांकडेच राहू द्यावी.) पण कुस्कोकर त्याला कुयच म्हणतात, आणि तसे म्हणायला त्यांच्याकडे कारण आहे. त्याच शहरात कॉर्पस क्रिस्तीला, म्हणजे अखेरच्या भोजनातली भाकर ज्या सणात पुजली जाते त्या दिवशी, आजही ‘चिरिउचु’ खातात: भाजून थंड केलेला कुय, कोंबडी, चीज, भाजका मका, समुद्री शेवाळ आणि माशाची गाबोळी, सारे एकाच ताटात.