येसराची आमटी

कापूस वेचणीच्या दिवसांत गंगाखेडच्या आसपासच्या घरांमध्ये संध्याकाळची चूल पेटते ती नाइलाजानं. दिवसभर वाकून पाठ धरलेली असते, बोंडांच्या टोकांनी बोटांवर ओरखडे उठलेले असतात आणि भाजी निवडायला कुणाचाच हात उचलत नाही. अशा वेळी फळीवरचा येसराचा डबा खाली येतो. पंधरा-वीस मिनिटांत पातेल्यात आमटी खदखदू लागते आणि तिचा वास अंगणापलीकडे पोचतो. घाईच्या वेळची सोय म्हणूनच ही आमटी रांधली आणि खाल्ली जाते, त्यामुळे तिच्याकडे निरखून कुणी पाहत नाही. माझ्या मते मराठवाड्याच्या स्वयंपाकातला हा फार जाणता पदार्थ आहे, आणि तो चाखताना थोडं थांबलं पाहिजे.

सुरुवात डब्यातल्या पिठापासून करू. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून एकत्र दळलेलं पीठ. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, थोडी उडदाची, मूठभर तांदूळ. त्यांच्या जोडीला धणे, जिरे, सुकी मिरची, हळकुंड, लवंग, दालचिनी, मिरे, आणि घरच्या रिवाजाप्रमाणे खोबरं किंवा दगडफूल. प्रमाण घरागणिक बदलतं, पण एक नियम सहसा कुणी मोडत नाही: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. हरभऱ्याच्या डाळीला मंद आच आणि सबुरी लागते. ती दाताखाली कुडकुडली पाहिजे. तांदूळ फुलून पांढरा होतो. ज्वारी तडतडते, काही दाण्यांच्या लाह्या होतात. जिरं तर नजर हलली की करपतं. सगळं एकाच कढईत घातलं तर डाळ कच्ची राहील आणि जिरं कडू होईल. चांगल्या येसराची चिमूट नुसती जिभेवर ठेवून पाहावी. आधी भाजक्या डाळीचा गोडसरपणा येतो, मग धण्याचा दरवळ, आणि मिरची सगळ्यांत शेवटी, घशाशी. हा क्रम भाजणारीच्या हातानं लावलेला असतो.

हे काम उन्हाळ्यातलं. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, पापड-कुरडया-शेवयांची गडबड चालू असते, त्यातच येसर होतं. घरात लग्न असेल तर त्याचा मान मोठा; लग्नघरातल्या पंगतीला येसराची आमटी लागतेच. पंगत उठल्यावर उरलेलं पीठ डब्यात जातं आणि वर्षभर थकल्या संध्याकाळींच्या कामी येतं. गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल जात्याला हात लावायला येतो. दळणाचे कष्ट काय असतात हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावात ते कष्ट आधीच उरकून ठेवण्याची ही रीत मुरलेली असावी, हे मला फार शोभेसं वाटतं.

आता पातेल्याकडे येऊ. चार माणसांना चार-पाच मोठे चमचे येसर. ते आधी गार पाण्यात कालवून घेतात, आणि ही बारीकशी गोष्ट नवखा माणूस हमखास विसरतो. गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलं तर त्याचा वरचा थर लगेच शिजून चिकटतो, आत कोरडा गोळा राहतो आणि गुठळी होते. गार पाण्यात प्रत्येक कण सुटा भिजतो. भिजलेलं येसर बाजूला ठेवून फोडणी करायची. गंगाखेड ज्या जिल्ह्यात येतं त्या परभणीकडे करडई पूर्वापार पिकते. इथल्या कृषी विद्यापीठानं तिचं ‘परभणी कुसुम’ नावाचं वाण दिलेलं आहे. सोयाबीननं पुष्कळ रान व्यापलं तरी ज्या घरात घाण्याचं करडईचं तेल आहे, तिथली आमटी वेगळी ओळखू येते. हे तेल हलकं असतं, मसाल्याच्या वासावर चढून बसत नाही. तेलात मोहरी, जिरं आणि भरपूर ठेचलेला लसूण. लसूण चिरायचा नाही. ठेचल्यावर त्याच्या कडा वेड्यावाकड्या राहतात, त्या आधी लाल होतात आणि गाभा मऊ राहतो. एका पाकळीत दोन चवी मिळतात त्या ह्यामुळे.

फोडणीवर पाणी, मीठ, आणि पाण्याला आधण आलं की कालवलेलं येसर बारीक धारेनं सोडायचं, दुसऱ्या हातानं पळी फिरवत. इथे ह्या आमटीचं मर्म आहे. पिठल्याचं बेसन कच्चं असतं, म्हणून त्याला झाकण लागतं, वाफ लागते, आणि घाई केली तर कच्चा वास राहतो. येसर आधीच भाजलेलं आहे, त्याला शिजायचं फारसं उरलेलंच नसतं. भाजलेल्या पिठाची घट्ट होण्याची ताकदही कमी झालेली असते; म्हणून ही आमटी पिठल्यासारखी थिजत नाही, पातळ राहूनही अंगानं भरलेली लागते. दोन-तीन उकळ्या आल्या की कडेला तेलाचा तांबूस कट सुटतो, वरचा पांढुरका फेस विरतो आणि रंग विटकरी होतो. तिथेच आच बंद करावी. पुढे उकळत ठेवली तर धण्याचा वास उडून जातो आणि नुसता तिखटपणा उरतो. चिंच घालणारी घरं आहेत, पण मला ती नको वाटते; भाजणीचा गोडवा तिच्याखाली दबतो.

आणि भाकरी? गरम ज्वारीची भाकरी असेल तर उत्तमच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ ऊन पाण्यात भिजवून तळहातानं रगडावं लागतं, तेव्हा कुठे थापताना कडा चिरत नाहीत. पण दमलेल्या दिवशी सकाळची भाकरीच कामाला येते, आणि मी तिला दुय्यम मानत नाही. गार भाकरी ताटात कुस्करायची, वर आमटी ओतायची आणि थोडा दम धरायचा. ताजी भाकरी रस पटकन पिऊन लगदा होते. शिळी कडक झालेली असते, ती सावकाश भिजते. बाहेरून मऊ, मधे किंचित दाताला लागणारी. पापुद्र्याचे तुकडे सगळ्यांत शेवटी भिजतात, आणि जाणकार खाणारा ते ताटाच्या कडेला राखून ठेवतो.

तोंडी लावायला बुक्कीनं फोडलेला कांदा. सुरीनं कापलेल्यापेक्षा तो रसाळ लागतो, कारण पाकळ्या आपापल्या जोडावर सुटतात. कारळाची चटणी असेल तर तिच्यावर कच्चं तेल. आमटीच्या उष्ण तिखटाला चटणीचा जरासा कडसर खमंगपणा छान छेद देतो. ताक असेल तर दुसरं काही नको.

शिकायला किंवा नोकरीला पुण्याला गेलेल्या पोरांच्या सामानात हे पीठ हमखास असतं. बचत गटांच्या स्टॉलवरही आता त्याची पाकिटं मिळतात. खोलीत एक शेगडी आणि एक पातेलं एवढंच सामान असलं तरी भागतं. पण नुसतं गरम पाण्यात ढवळून प्यायला जाऊ नये, ते पिठुळ लागतं. वाटीच्या बुडानं लसूण ठेचावा, तेल नीट तापू द्यावं, मोहरी तडतडल्याशिवाय पाणी ओतू नये. फोडणीची ती दोन मिनिटं तेवढी चुकवू नयेत. बाकीचं सगळं काम उन्हाळ्यातच होऊन गेलेलं असतं.