भिकू लहान्याचं मौन

शहाद्याहून धडगावकडे जाताना सातपुडा चढण्याआधी म्हसावद लागतं. इथे अहिराणी, गुजर, भिली, पावरी एकाच बाजारात कानावर पडतात. म्हणूनच अलीकडचे चित्रपट इथून पाहायचे तर डोळ्यांआधी कान लावावे लागतात. मराठी सिनेमाने गाव मनापासून दाखवायला घेतलं आहे, यात वाद नाही. ‘फँड्री’ने (२०१३) शीर्षकच कैकाडी भाषेतून उचललं. ‘सैराट’ने (२०१६) करमाळ्याकडची बोली विनोदी गड्याच्या तोंडून काढून थेट प्रेमिकांना दिली. २०२५ साली सनडान्समध्ये गौरवला गेलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मला या सगळ्यांत मोलाचा वाटतो. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि तिथला बाळ्या यांची जवळीक त्यात अर्धवट वाक्यांतून आणि लांबलेल्या शांततेतून उलगडते. पार्श्वसंगीत नसल्यामुळे प्रत्येक हुंकार ऐकू येतो. मालेगावात स्वतःचे सिनेमे काढणाऱ्या तरुणांवरच्या, त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या हिंदी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मध्ये जिव्हाळा भरपूर आहे, पण मालेगावचं बोलणं घासून गुळगुळीत केलेलं आहे. त्याच माणसांवरच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात तो खरबरीतपणा शाबूत होता.

बोलीला मिळालेला हा मान सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन थांबतो. कथापटांतला आदिवासी एक तर गातो, नाही तर गप्प असतो. ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ठाकरांचं जग महानोरांच्या गीतांनी उजळलं, पण त्यांची बोली मराठी प्रेक्षकाला पेलेल तेवढीच राहिली. ‘आक्रोश’मधला (१९८०) ओम पुरींनी साकारलेला आदिवासी आरोपी भिकू लहान्या न्यायालयातही तोंड उघडत नाही. लेखक विजय तेंडुलकर आणि दिग्दर्शक गोविंद निहलानी यांनी ते मौन आरोपासारखं वापरलं आणि ते त्या काळी खरंच होतं. मात्र पंचेचाळीस वर्षांनंतरही आदिवासी पात्राला स्वतःच्या भाषेत मोठं वाक्य मिळत नसेल, तर ती केवळ सवय उरते.

पावरी कळणार कुणाला, असं विचारलं जातं. मराठी घरांत मल्याळम चित्रपट उपशीर्षकं वाचत पाहिले जातात, तेव्हा भाषा न कळणं ही अडचण नव्हे. आपल्याच जिल्ह्यातली भाषा वाचून समजून घेण्याची तयारी नसणं, ही अडचण आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’त (१९९५) नर्मदाकाठच्या मणिबेलीची माणसं स्वतः बोलतात, आणि ती समोर असताना निवेदकाची गरज वाटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सपाटीवरच्या लेखकाने पावरी संवाद लिहिले तर ते खोटे ठरतील. ते मला मान्य आहे. म्हणून लेखक आणि नट दोघेही डोंगरातलेच हवेत. पैशांची सबब मालेगावच्या मुलांनी साध्या कॅमेऱ्यावर कधीच मोडून काढली आहे. अहिराणी गाणीही आज मोबाइलवर आवडीने पाहिली जातात, फक्त त्यांतली बोली लग्नातल्या नाचाच्या आणि थट्टेच्या पलीकडे फारशी जात नाही. तिला दुःख, व्यवहार, भांडण हे सगळं पेलतं, हे घराघरांत रोज दिसतं.

धडगावच्या एखाद्या कचेरीतला प्रसंग घ्या. जमिनीच्या कागदासाठी आलेली बाई पावरीत बोलते आणि कारकून मराठीत उत्तर देतो. त्या दृश्यात पडद्याच्या तळाशी पावरीतली ओळ उमटावी, आणि ती कारकुनाच्या मराठीचा अर्थ सांगणारी असावी.