चार यंत्रांचं एकमत आणि प्रामाण्याचा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी विचारलं, "एआय चुकतो हे मान्य. पण चॅटजीपीटी, जेमिनाय आणि क्लॉड या तिघांनाही एकच प्रश्न विचारला आणि तिघांनी तेच उत्तर दिलं, तर शंका कशाला घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचीच चिकित्सा करू.

ही पद्धत आता घरगुती युक्ती राहिलेली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये आंद्रेय कारपाथी या संगणकतज्ज्ञांनी 'एलएलएम कौन्सिल' नावाचा एक छोटा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. त्यात आधी प्रत्येक मॉडेल आपापलं उत्तर देतं. मग नावं झाकून ती उत्तरं एकमेकांना दाखवतात आणि प्रत्येक मॉडेल त्यांना क्रम लावतं. शेवटी अध्यक्ष नेमलेलं मॉडेल सगळ्यांचं मिळून एक उत्तर लिहितं. म्हणजे पंच बोलतात आणि सरपंच निवाडा देतो.

यामागचं गणित जुनं आहे. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी ते 1785 मध्ये मांडलं. समजा, हो-नाही स्वरूपाचे हजार प्रश्न आहेत आणि प्रत्येक पंच त्यातले 800 बरोबर सोडवतो. असे तीन पंच घेतले, तर बहुमत 896 वेळा बरोबर येतं. तिघेही एकदम चुकतील असे प्रसंग हजारात फक्त 8. पण याला एक अट आहे बरं का! एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीपासून स्वतंत्र हवी. तिघे एकाच वहीतून उतरवत असतील, तर ते 8 प्रसंग 200 होतात. आणि त्या 200 वेळा तुमच्यापुढे काय असतं? भक्कम एकमत.

आता ही मॉडेल्स कशावर वाढली ते बघा. विकिपीडिया, इंटरनेटवरून गोळा केलेली तीच ती पानं, बरीचशी तीच पुस्तकं. कंपन्या वेगळ्या, शिदोरी पुष्कळशी सारखी. मराठीत तर हे अधिकच लागू पडतं, कारण इंटरनेटवर मराठी मजकूरच थोडा. एखाद्या ग्रामीण लेखकाचं जन्मवर्ष एका पानावर चुकलं आणि दुसरं पानच नसलं, तर तिन्ही मॉडेल्स ती चूक एकमुखाने सांगू शकतात. मग कुणीतरी "तीन ठिकाणी तपासलं" म्हणून ती लेखात घालतो. तो लेख इंटरनेटवर जातो आणि पुढच्या मॉडेलच्या शिदोरीत पडतो. आपल्या भाषेची स्मृती अशी हळूहळू बिघडू शकते, आणि कुणी खोटं बोललं असंही होत नाही.

हा पेच पुण्याने पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर हाताळला आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू केलं. ते 1966 मध्ये पुरं झालं. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. समोर शेकडो हस्तलिखितं. बहुमत घ्यायचं का? नाही. चाळीस पोथ्या एकाच पोथीवरून उतरल्या असतील, तर ते चाळीस साक्षीदार नव्हेत, तो एकच. म्हणून पोथ्यांची डोकी मोजण्याआधी त्यांची वंशावळ पाहायची. काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळच्या मल्याळम लिपीतली पोथी, इतक्या दूरच्या दोन परंपरा जुळल्या, तर त्या जुळण्याला वजन. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही कथा अनेक पोथ्यांत आहे, घराघरांत ठाऊक आहे. तरी चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात ती नाही, परिशिष्टात आहे.

मग अनेक मॉडेल्सना विचारणं निरुपयोगी का? तसं मुळीच नाही. एकाची हिशेबातली गफलत दुसरं पकडतं. माझ्या मते खरा उपयोग मतभेदाचा आहे. दोन उत्तरं भांडली, की कुठे खणायचं ते कळतं. माझा आक्षेप आहे तो अध्यक्षावर. तो भांडण मिटवतो, गुळगुळीत परिच्छेद लिहितो. त्या प्रोग्राममध्ये सुटी उत्तरंही पाहता येतात, हे खरं. पण घाईतला माणूस शेवटचाच परिच्छेद वाचणार.

आपल्या नैयायिकांनी इथे एक फार उपयोगी भेद केला आहे. ज्ञान होणं वेगळं आणि ते प्रमाण आहे हे ठरणं वेगळं. ते ठरतं बाहेरून, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की. याला ते परतःप्रामाण्य म्हणतात. वाळवंटात दहा जणांना एकदम मृगजळ दिसू शकतं. सूर्य तोच, डोळे तसेच. दहांचं एकमत झालं म्हणून तिथे पाणी येत नाही. कुणीतरी जाऊन ओंजळ भरावी लागते.

तेव्हा तीन मॉडेल्सना जरूर विचारा. पण त्यांना उत्तराबरोबर आधारही विचारा, आणि तो आधार स्वतः उघडून पाहा. पुस्तक सांगितलं तर ग्रंथालयात ते पान काढा. सरकारी नियम सांगितला तर मूळ शासननिर्णय वाचा. औषधाचं प्रमाण सांगितलं तर डॉक्टरांना विचारा. तिन्ही उत्तरांचा आधार एकाच पानाशी जाऊन थांबला, तर तुमच्या हाती साक्ष एकच आहे, असं समजून चाला.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.