अक्षर, पदवी आणि उपजीविका : उपयोजित कलाशिक्षणाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
जाहिरात, मुद्रण, अक्षररचना, बोधचिन्ह, वेष्टन आदी व्यवहारांशी निगडित असलेली दृश्यकला म्हणजे उपयोजित कला होय. बारामती तालुक्यातील पणदरे या ऊसपट्ट्यातील गावासारख्या ठिकाणी एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बारावीनंतर या शाखेकडे वळू पाहतो, तेव्हा ‘पुढे नोकरी कोणती?’ हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. संगणकाचा काही महिन्यांचा वर्ग करून फ्लेक्स छापता येत असेल, तर चार वर्षांची पदवी कशासाठी, असा त्याचा आशय असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार देवनागरी अक्षराच्या अनुषंगाने केला आहे.

विवेचन :
मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. तेथे १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला व १९६१ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. २०२३ मध्ये जे. जे. समूहास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या शिक्षणाचा व्यवसायाशी असलेला संबंध असा प्रारंभापासूनचा आहे. परंतु व्यवसाय म्हणजे केवळ जाहिरात संस्थेतील नोकरी नव्हे.

जे. जे. मध्ये शिकलेले र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरात क्षेत्रात काम केले, पवईच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापन केले, कविताही लिहिली. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी रचलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच विंडोज प्रणालीमुळे घरोघरी पोहोचला. पडद्यावरील बारीक मजकूर वाचता यावा, हे त्याचे प्रयोजन. तोच संच दहा फुटी फलकावर ताणला जातो, तेव्हा अक्षरे विसविशीत दिसतात. हा दोष अक्षरसंचाचा नसून निवडीचा आहे. संगणकाचा वर्ग अक्षरसंच कसा वापरावा हे शिकवतो. कोणता, कोठे व का, हा विवेक मात्र दीर्घ अभ्यासानेच येतो.

यावर एक आक्षेप संभवतो. मराठी नाटकांच्या शीर्षकांना स्वतंत्र रूप देणारे कमल शेडगे (निधन २०२०) कोणत्याही कलामहाविद्यालयात शिकले नव्हते. हा आक्षेप खरा आहे. तथापि वृत्तपत्राचा कलाविभाग हीच त्यांची शाळा होती. तेथे रोज हाताने अक्षर काढावे लागे. पणदऱ्याच्या विद्यार्थ्याला आज अशी शाळा उपलब्ध नाही. ती उणीव महाविद्यालयानेच भरून काढावयास हवी. आणि तेथेही देवनागरी अक्षरलेखन सॉफ्टवेअरपुढे दुय्यम ठरत असेल, तर पालकांची शंका रास्त ठरते.

निष्कर्ष :
पदवीचे मूल्य पहिल्या वेतनावरून ठरविणे अपुरे आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे मुक्त अक्षरसंच रचून अक्षर हीच उपजीविका होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. पाठ्यपुस्तके, मोबाइलवरील मराठी सेवा, गूळ व दुग्धजन्य पदार्थांची वेष्टने ही क्षेत्रेही जाणकार हातांची वाट पाहत आहेत. कालव्याच्या आवर्तनाची सूचना किंवा कीटकनाशकाच्या डब्यावरील इशारा वाचता न आल्यास त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. त्यामुळे उपयोजित कलेचे शिक्षण हा शोभेचा विषय न राहता सार्वजनिक जबाबदारीचा विषय ठरतो.