जर्नल कोणासाठी लिहायचे?

विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांना संवादकौशल्ये शिकवावीत, याविषयी आता फारसे दुमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रम सुचविला. त्यात श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखनापासून देहबोलीपर्यंत बरेच काही आहे. हेतू चांगला आहे. परंतु हा आराखडा सर्व शाखांसाठी एकच आहे. त्यामुळे अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसे सामोरे जावे हे विद्यार्थी शिकू शकेल. पण आपण केलेला प्रयोग दुसऱ्याला कसा सांगावा, हे त्याने कोठे शिकायचे?

त्याची जागा प्रयोगशाळेतच आहे. विज्ञानाचा विद्यार्थी वर्षभर जर्नल लिहीतच असतो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष असा साचा ठरलेला असतो आणि मजकूर पुष्कळदा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरविलेला असतो. यात केवळ आळस नाही. जर्नल वाचणाऱ्या शिक्षकांना उत्तर आधीच ठाऊक असते. ज्या लेखनाला खरा वाचक नाही, त्यात संवाद येणार कोठून?

साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. लांबी १ मीटर, २० आंदोलनांना ४०.२ सेकंद. गणकयंत्र गुरुत्वत्वरण ९.७७१६ दाखविते आणि विद्यार्थी चारही दशांश स्थळे उतरवितो. पण स्टॉपवॉच सुरू-बंद करताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. सूत्रात आंदोलनकालाचा वर्ग असल्याने उत्तरात ती एक टक्का होते. तेव्हा प्रामाणिक उत्तर ‘९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग’ एवढेच. उरलेल्या आकड्यांतून वाचकाला खोटी खात्री दिली जाते. येथे भाषेची चूक आणि विज्ञानाची चूक वेगळ्या काढता येत नाहीत.

नोबेल पारितोषिक विजेते जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली बी.बी.सी.वरील भाषणात शोधनिबंधाच्या साच्यावरच आक्षेप घेतला होता. निरीक्षणे आधी आणि विचार नंतर, असा देखावा निबंध करतो. प्रत्यक्षात काय पाहायचे हे मनातील अपेक्षाच ठरविते, म्हणून चर्चा आरंभीच यावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप आपल्या जर्नललाही लागू पडतो. उत्तर काय यावे असे वाटत होते, ते आले का, न आल्यास का, हे विचारणारा रकानाच त्यात नसतो.

सगळी जर्नले बदला, असे सुचविणे व्यवहार्य नाही. एकेका तुकडीत किती विद्यार्थी असतात आणि अभ्यासक्रम संपविण्याची घाई किती असते, हे शिक्षक जाणतातच. मात्र सत्रातील दोन प्रयोग तरी वेगळ्या रीतीने लिहून घेता येतील. एकच पान, मराठीत किंवा इंग्रजीत, आणि वाचक म्हणजे तो प्रयोग अद्याप न केलेला खालच्या वर्गातील विद्यार्थी. त्याने ते वाचून प्रयोग करावा आणि कोठे अडले ते समासात लिहावे. गुण द्यायचे ते या पानाला आणि त्यानंतरच्या दुरुस्तीला. उत्तर पुस्तकाशी किती जुळले याला नव्हे. असे झाले, तर ‘९.५ आले, लंबकाची लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली’ असे लिहिण्याचे धैर्य विद्यार्थ्याला येईल. आजच्या पद्धतीत तो ९.५ खोडून ९.८ लिहितो आणि पूर्ण गुण मिळवितो.